दिवसभराची बोट

सकाळचे सात वाजून गेलेत, पण बामणोलीच्या काठावर ऊन अजून पोचलेलं नाही. पूर्वेचा डोंगर आडवा आहे. पाण्यावरून वाफ निघतेय, चुलीवर ठेवलेल्या आंघोळीच्या हंड्यातून निघावी तशी. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून खाली येईपर्यंत गाडीत सगळे पेंगत होते. आता चहाच्या ग्लासाभोवती बोटं गुंडाळून उभे आहेत.

खिडकीपाशी यादी लिहून द्यावी लागते. नाव, वय, गाव. बोट माणशी मिळत नाही, अख्खी ठरवायची, जायला-यायला मिळून दिवसाची. आम्ही नऊ जण. आठांना वासोटा चढायचाय आणि माझ्या उजव्या गुडघ्याने यंदा राजीनामा दिलाय. "काका, तुम्ही खाली दिवसभर काय करणार?" भाचा विचारतो. बोटीचे पैसे दिवसाचे भरलेत, आणि निम्म्याहून जास्त दिवस ती नुसती बांधून असणार. कोणीतरी वसूल करायला नको?

बोटवाल्यांना इथे सगळेच मामा म्हणतात. साठीचे असावेत. डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. इंजिन शेतावरच्या पंपाला असतं तसलंच. मामा फडक्याने टाकीचं तोंड पुसतात, कॅनमधलं डिझेल ओततात, हँडल घालून दोन फेरे मारतात. फट् फट् आणि गप्प. तिसऱ्यांदा ते इंजिनाला एक अस्सल शिवी हासडतात, आणि बोट पायाखाली थरथरायला लागते.

"थंडीचं त्यालाबी उटू वाटत न्हाय," मामा म्हणतात.

दीड तासाचा पल्ला आहे. बोट दक्षिणेकडे निघते. याला शिवसागर म्हणतात, कोयनेच्या धरणाने अडवलेलं पाणी. धरण कुठल्या कुठे खाली, कोयनानगरला. इथून दिसायचा प्रश्नच नाही. दिसते ती त्याची खूण: दोन्ही अंगांना झाडी जिथे संपते तिथून पाण्यापर्यंत तांबड्या मातीचा एक उघडा पट्टा, पट्टीने आखल्यासारखा सरळ. आत्ता डिसेंबरात तो पुरुषभर उंच असेल. मे महिन्यात बघायला या, मामा सांगतात, निम्मा डोंगर उघडा पडतो.

डोंगराच्या खांद्यावरून ऊन एकदम पाण्यावर सांडतं, पोरांचे मोबाइल बाहेर निघतात. आणि मधोमध, जिथे चारी बाजूंना पाण्याशिवाय काहीच नाही, तिथे मामा चाक फिरवतात. बोट डावीकडे मोठा वळसा घेते आणि परत रांगेला लागते. मी वाकून बघतो. भोवरा नाही, जाळं नाही, ओंडका नाही.

"काय होतं तिथं?"

"आंबा हाय."

"पाण्यात?"

"आमच्या आज्यानं लावल्याला. खोड हाय अजून. उन्हाळ्यात पंखा लागतो त्याला." जरा थांबून स्वतःच म्हणतात, "आत्ता न्हाय लागायचा. आत्ता लई खाली हाय. पर हात वळतोय."

मेट इंदवलीला बोट टेकते. पुढचं सगळं अभयारण्याच्या हद्दीत, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वनखात्याचा माणूस पिशव्या उघडायला लावतो, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून लिहून घेतो, अनामत घेतो. परत आणून मोजून दाखवल्या की पैसे परत. आपल्याकडच्या नियमांपैकी हा मला मनापासून आवडलेला. आठही जण झाडीत शिरतात. त्यांचे आवाज आधी ऐकू येतात, मग नुसतं हसणं, मग तेही नाही.

वासोट्याला व्याघ्रगड असंही नाव आहे. १८१८ साली इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा करून हा किल्ला घेतला. त्यांना खोऱ्यातून चालत यायला वाट तरी होती. ती आता पाण्याखाली आहे, म्हणजे धरणाने या किल्ल्याला तेव्हा नव्हता असा खंदक दिला. दीडशे वर्षं उशिरा.

आता काम म्हणाल तर बोटीतलं पाणी उपसणं. मामा फळी उचलतात. खाली काळपट, डिझेलचा तवंग आलेलं पाणी आहे. तोंड कापलेला पाच लिटरचा कॅन माझ्या हातात देतात. पाहुण्याला काम सांगावं की नाही असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभरही दिसत नाही. मी मोजत जातो. चाळिसाव्या कॅनला फडकं पिळायची वेळ येते.

मग भाकरी. शेजारच्या दोन बोटींचे मामाही येऊन बसतात. एकाच्या फडक्यात झुणका, दुसऱ्याकडे मिरचीचा खर्डा, माझ्याकडे सातारी कंदी पेढे. भाकरीचा चुरा पाण्यात पडला की बोटभर मासे वर येतात. समोरच्या वाळक्या खोडावर एक पाणकावळा पंख पसरून बसलाय, वलणीवर शर्ट टाकावा तसा. गप्पा वाशीच्या मार्केटच्या चालल्यात. तिघेही आयुष्याची मधली वर्षं तिथे माथाडी होते. जावळीतल्या घराघरांतून माणसं मुंबईला बोजा उचलायला गेली, त्यातलेच हे. आमच्या मामांनी कांदा-बटाट्यात सोळा वर्षं काढली. मान अजून एका बाजूला किंचित कललेली आहे.

"एवढं पाणी जातं कुठं?" मी विचारतो. उत्तर मला ठाऊक आहे, पण त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

"कोकणात."

कोयना नदी म्हणून पाहिली तर दक्षिणेला जाते, पूर्वेला वळते, कराडला कृष्णेला भेटते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. पण या धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवलंय. पोफळीकडे वीज करून ते वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी राखलेला शेवटचा खडक सुरुंगाने उडवून खालच्या बोगद्यात पाणी घेतलं. लेक टॅपिंग. तेव्हा वर्तमानपत्रं कौतुकाने भरली होती.

"बुडाला भोक पाडलं," शेजारचे मामा म्हणतात. "आमाला वाटलं, आता सगळं निगून जातंय, मोरीतलं जातं तसं."

"मग?"

"मग काय. कुटं जातंय." सगळे हसतात. आमचे मामा हसत नाहीत. ते भाकरीचं फडकं झटकतात आणि पाण्याकडे बघत म्हणतात, "गेलं असतं तर बगायला आलो असतो वाशीवरनं."

दुपारी बोटीच्या तळाशी चटई टाकून मी आडवा होतो. कानाला फळी, फळीखाली पाणी. एवढाच आवाज.

साडेचार होतात. पाचच्या आत सुटायला हवं, अंधारात या पाण्यावर मामांना आवडत नाही. ते हँडलने बोटीच्या पत्र्यावर ठणठण वाजवतात. बऱ्याच वेळाने झाडीतून पहिला लाल टी-शर्ट दिसतो. बाटल्या मोजल्या जातात, एक कमी भरते, भाच्याच्या पिशवीच्या तळातून निघते.

परतीला थंडी आणि शीण मिळून सगळ्यांना गप्प करतात. फक्त भाचा मामांना चिकटलाय. चाक धरू का, मी गाडी चालवतो. मामा बाजूला सरकतात. तो छाती काढून बसतो. बोट खरंच छान सरळ चाललीये, समोर बामणोलीचे दोन दिवे लागलेत, त्याने त्यांच्यावर नजर रोखलीये.

मधोमध आल्यावर मामांचा हात न बोलता पुढे येतो, भाच्याच्या हातावरूनच चाक धरतो, फिरवतो. मोठा वळसा. परत रांगेला. हात मागे.

"सरळच तर चाललो होतो," भाचा मला म्हणतो, जरा रुसून.

मामा मफलर कानावरून घट्ट ओढून घेतात आणि डिझेलच्या टाकीत बॅटरी मारून बघतात.