माहीमचं चर्च कुणाचं?

बुधवारी पार्ल्याहून स्लो लोकलनं माहीमला उतरलं की सेंट मायकल चर्चकडे जाणाऱ्या गर्दीत टिकली लावलेल्या बायका कितीतरी दिसतात. दाराशी मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. आमच्या चाळीतल्या एका काकूंनी मुलाच्या घरासाठी इथंच नवस बोलला होता. नवसाचं सगळ्यांना ठाऊक असतं. याच चर्चमध्ये बिशपला कोंडलं होतं, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

भांडण होतं राजांचं. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, तरी इथले पाद्री गोव्याहूनच नेमले जात, आणि गोव्याच्या आर्चबिशपवर हक्क पोर्तुगालच्या राजाचा. आपल्या बेटावर परक्या राजाचा शब्द चालतो, हे कंपनी सरकारला कसं रुचावं? १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना हाकललं आणि थेट रोमचं ऐकणारे कार्मेलाइट आणले. पण लोकांची गोव्याशी जुनी नाळ. तक्रारी, अर्ज, पुन्हा अर्ज. शेवटी १७९४ मध्ये सरकारनं चर्चं वाटून टाकली, भाऊबंदकीत घराच्या खोल्या वाटतात तशी. माहीम रोमच्या वाट्याला गेलं.

१८५३ मध्ये माहीमकरांनी ठरवलं, आम्ही गोव्याकडे जाणार. रोमच्या बाजूचा बिशप अनास्तासियस हार्टमन हा कापुचिन पंथाचा स्विस, हट्टी माणूस. चर्च सोडणार नाही म्हणून तो स्वतः आत जाऊन बसला. विरोधकांनी बाहेरून वेढा घातला, आत अन्नपाण्याचे हाल. पंधरवड्यानं सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून दारं उघडली आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेलं. पोथ्यांमधला धर्मवाद म्हणून हे सोडून देता येत नाही. मतपेटी नव्हती त्या काळात साध्या माणसांनी आपल्यावर कुणी अधिकार चालवावा, ते ठरवून दाखवलं होतं. अर्थात त्यांनी निवडला तोही परकाच!

मुंबईतला हा दुहेरी कारभार १९२८ च्या करारानं संपला, तोही गमतीदार तोडग्यानं : आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. देश स्वतंत्र झाल्यावर या पाळीला अर्थ उरला नाही. इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी १९५० मध्ये राजीनामा दिला आणि व्हॅलेरियन ग्रेशियस त्या जागी आले. तीनच वर्षांत ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.