कोड आणि कोढ

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतील आठवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने शेजारणीजवळ मन मोकळे केले. शेजारीण हिंदीभाषी, आई मराठी, दोघींचा घरोबा वीस वर्षांचा. "बच्ची को कोड निकला है," एवढेच ती बाई बोलली. आपल्या इंदूरच्या मराठीत हिंदी आणि हिंदीत मराठी इतकी मिसळून गेली आहे की, बोलताना शब्द कोणाच्या घरचा हे पाहण्याची सवयच आपणांस उरलेली नाही. शेजारणीने ऐकले ते मात्र 'कोढ'. तिसऱ्या दिवशी पाच पालक आमच्या कार्यालयात उभे होते. महारोग झालेली मुलगी आमच्या मुलांशेजारी बसवू नका, पाण्याच्या टाकीपाशी जाऊ देऊ नका, हे त्यांचे म्हणणे.

मराठीतील कोड आणि हिंदीतील कोढ हे सख्खे भाऊ. संस्कृत 'कुष्ठ' हा दोघांचा मूळपुरुष. पुढे एक भाऊ हिंदीत महारोगाचा वाचक झाला आणि दुसरा मराठीत केवळ पांढऱ्या डागांचा. मूळ शब्दही काही एकाच रोगाचा नव्हता. चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत आणि पांढऱ्या डागांचा विचार त्यांहून वेगळा, पण त्याच अध्यायाच्या शेवटी केला आहे. त्या शेजाराचा भुर्दंड आजतागायत चालू आहे. सुशिक्षित हिंदी बोलणारे या डागांना 'श्वेतकुष्ठ' म्हणतात, तेव्हा तर गोंधळास शास्त्राची मुद्राच मिळते.

आम्ही मराठीचे एम. ए. हा शब्दभेद आम्हांस पक्का ठाऊक होता. त्या पाच जणांना तो तेथल्या तेथे समजावता आला असता. आम्ही काय केले? मुलीच्या वडिलांना बोलावून, "प्रकरण निवळेपर्यंत आठ-पंधरा दिवस तिला घरी राहू द्या," असे सुचवले. वडील मान खाली घालून 'बरे' म्हणाले. त्या पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. त्या काळात आम्ही या विषयावर जे वाचले आणि येथील सरकारी रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांना गाठून जे विचारले, ते आधी केले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

त्वचेचा रंग ज्या पेशी तयार करतात त्या रंगपेशी नाहीशा झाल्या की तेवढा भाग दुधासारखा पांढरा होतो; हेच कोड. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा, जी बाहेरच्या जंतूंशी लढावयाची, ती चुकून आपल्याच रंगपेशींवर उलटते. जगभरात शंभरांत अर्धा ते दोन माणसांना ते असते. त्या जागी स्पर्श कळतो, घाम येतो, ताकद जात नाही. जातो तो फक्त रंग. एकाचे दुसऱ्यास ते कदापि लागत नाही. काही रुग्णांत कंठस्थ ग्रंथीचा, म्हणजे थायरॉईडचा, विकारही आढळतो, म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगतात. ती टाळू नये.

परंतु अंगावरचे प्रत्येक पांढरे म्हणजे कोड नव्हे. शाळकरी मुलांच्या गालांवर फिकट, किंचित खरबरीत चकंदळे दिसतात. घरोघरी त्यांचे खापर जंतांवर नाहीतर कॅल्शियमच्या कमतरतेवर फोडले जाते. ती कोरड्या त्वचेची किरकोळ तक्रार असून साध्या मलमाने त्वचा मऊ ठेवली की काही महिन्यांत मावळते. मानेवर, छातीवर, पाठीवर घामाच्या दिवसांत येणारी शिबे बुरशीची. खरवडली की बारीक कोंडा निघतो. औषधाने बुरशी मरते, पण रंग परतण्यास आणखी काही महिने लागतात, आणि लोक औषधालाच नावे ठेवतात.

राहिला महारोग. त्याचा चट्टा सहसा पांढराफेक नसतो. फिकट किंवा तांबूस असतो. मुख्य खूण म्हणजे तेथे कापसाचा स्पर्श नीट कळत नाही, पुष्कळदा केस झडतात, घाम येत नाही. अशी शंका आली तर सरकारी रुग्णालय गाठावे. औषधे विनामूल्य मिळतात, सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात आणि ती सुरू झाली की संसर्गाची भीती लवकरच संपते. हे वाचले तेव्हा आम्ही थबकलो. 'मुलीला झाला आहे तो कोढ नव्हे' असे त्या पालकांना सांगितले असते, तरी ते अर्धेच उत्तर झाले असते. कोढ असता आणि औषध चालू असते, तरी तिला घरी बसविण्याचे कारण नव्हते.

गृहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. कपाळावर नेमका टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला, तर दोष टिकलीच्या गोंदातील रसायनाचा असू शकतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कलपामुळेही असे घडते. ती वस्तू तत्काळ सोडावी आणि डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना कोड आहे त्यांना जखमेच्या किंवा सततच्या घर्षणाच्या जागी नवा डाग उमटण्याचा संभव असतो. परकराची नाडी कमरेला घट्ट आवळण्याची आपली जुनी रीत येथे नडते.

पथ्याविषयी तर बोलू नये तेवढे थोडे. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते, लिंबू-दह्याने वाढते, या समजुतींना आधार नाही. आमच्या या विद्यार्थिनीचे लोणचे, चिंच, ताक आजीने वर्षभर बंद ठेवले होते. डाग वाढायचे ते वाढलेच. आनुवंशिकतेचा अंश आहे, नाही असे नाही. पण बहुसंख्य रुग्णांच्या घराण्यात दुसऱ्या कोणालाही कोड नसते. तरीही स्थळ मोडते, आणि मोडेल म्हणून बहिणीच्या लग्नापर्यंत धाकटीला पाहुण्यांसमोर आणीत नाहीत, हे आमच्या पाहण्यातले आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००६ सालच्या 'नितळ' या चित्रपटाची नायिका कोड असलेली एक डॉक्टर आहे. ज्या घरी लग्नाच्या गोष्टी चालू आहेत त्यांनी तो सहकुटुंब पाहावा.

आता उपायांकडे वळू. आगगाडीने कोठेही निघा, रुळांकडेच्या भिंतींवर 'सफेद दाग का शर्तिया इलाज' रंगविलेले दिसते. या रोगावरील औषधांच्या अशा जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. भिंतींना ते ठाऊक नसावे. गंमत अशी की, आपल्या वैद्यांची बावची खोटी नव्हे. तिच्यात उन्हाशी संयोग होऊन त्वचेला रंग आणणारे द्रव्य खरोखरच आहे आणि त्याच जातीची द्रव्ये आधुनिक वैद्यकानेही वापरली. पण मात्रा चुकली, ऊन जास्त झाले, की फोड येऊन कातडी भाजते. त्या मुलीच्या वडिलांनी एका फिरत्या विक्रेत्याचे तेल लावून तिची डावी पोटरी भाजून घेतली होती. तो वण डागापेक्षा मोठा आहे.

डॉक्टरांकडे आज मलमे आहेत, ठरावीक लांबीच्या अतिनील किरणांचे उपचार आहेत, आणि डाग वर्षभर स्थिर राहिला असेल तर त्वचारोपणही आहे. २०२२ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने रुक्सोलिटिनिब या मलमास बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली. यांतले काहीच शर्तिया नाही. चेहऱ्यावरचे डाग बहुधा चांगला प्रतिसाद देतात. बोटांची टोके आणि ओठ हट्टी. रंग परततो तो केसांच्या मुळांतून, म्हणून डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर काम अवघड होते. स्टिरॉइडचे मलम दुकानातून आणून मनाने चेहऱ्यावर चोपडू नये, त्वचा पातळ होते. डागांना ऊन लवकर भाजते, त्यांना जपावे. आणि ज्याला उपचार नकोत, त्याने ते न घेता तसेच राहावे, हाही मार्ग आहे; कोडाने जिवाला अपाय होत नाही.

पाच आठवड्यांनी आम्ही त्या पाचही पालकांच्या घरी गेलो. चार घरी चहा मिळाला. पाचव्या घरी बोलणे दाराबाहेरच झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीच्या घरी जाऊन तिला शाळेत घेऊन आलो. वर्गात काय बोलावे हे रात्रभर ठरवले होते. प्रत्यक्षात तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने दप्तर सरकवून जागा केली आणि आमचे भाषण तसेच राहिले.

पुढे दर मंगळवारी व शुक्रवारी चौथ्या तासानंतर तिला किरणोपचारासाठी रुग्णालयात जावयाचे असे. हजेरीपटात तेवढी सवलत आम्ही आमच्या अधिकारात दिली. चौथ्या महिन्यात भुवईजवळच्या डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसू लागले आणि वर्षाच्या आत चेहऱ्याचा बराच भाग भरला. ओठाचा कोपरा आणि उजव्या हाताची तीन बोटे अजून तशीच पांढरी आहेत. दहावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास ती आईबरोबर आली, तेव्हा त्याच बोटांत पेन धरून तिने नोंदवहीत सही केली.

आई आता हिंदीत बोलताना 'कोड' हा शब्द काढीत नाही; 'सफेद दाग' म्हणते. घरी मराठीत मात्र कोडच.