शरीरातील द्रव्याचा जाब खेळाडूलाच

शहादा तालुक्यातील म्हसावद परिसरातला एखादा मल्ल यात्रेच्या फडात इनामी कुस्ती खेळतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो चारचौघांसारखा नागरिक असतो. तोच मल्ल मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेत उतरला, की त्याला आणखी एक कायदा लागू होतो. हा कायदा नेहमीच्या कोर्टकचेरीतील कायद्याहून किती निराळा आहे, हे महाराष्ट्राने २०१६ मध्ये नरसिंग यादवच्या प्रकरणात पाहिले.

सलग तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेल्या नरसिंगने २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकसाठी भारताची जागा निश्चित केली. सुशीलकुमारने निवड चाचणीची मागणी करीत दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. निवड मनमानी किंवा नियमबाह्य असेल तरच न्यायालय हस्तक्षेप करते. कोणता मल्ल सरस, हे न्यायासनावरून ठरत नसते. इथवर देशाचा कायदा नरसिंगच्या बाजूने होता.

त्यानंतर २५ जून आणि ५ जुलै रोजी घेतलेल्या नमुन्यांत मेथॅनडायनोन हे बंदी असलेले स्टेरॉइड आढळले. सोनीपतच्या शिबिरात कोणीतरी आपल्या खाण्यापिण्यात ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या शिस्तपालन समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला दोषमुक्त केले. मात्र जागतिक संस्थेने, ‘वाडा’ने, क्रीडा लवादाकडे अपील केले आणि १८ ऑगस्टला, म्हणजे लढतीच्या आदल्या दिवशी, रिओतच चार वर्षांच्या बंदीचा निर्णय आला.

फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथे द्रव्य शरीरात सापडले, की नियमभंग सिद्ध होतो. हेतू पाहिला जातो तो शिक्षेचे प्रमाण ठरविताना. आपली काहीच चूक नव्हती, असे म्हणणाऱ्या सज्ञान खेळाडूला ते द्रव्य शरीरात कसे गेले, हे दाखवावे लागते. केवळ शक्यता वर्तवून भागत नाही. लवादाला घातपाताचा पुरावा दिसला नाही. उलट एकाहून अधिक वेळा गोळीच्या स्वरूपात सेवन झाले असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. कटाच्या आरोपाचा तपास पुढे सीबीआयकडे गेला, पण तो वेगळा रस्ता. बंदी संपली तेव्हा २०२० उजाडले होते आणि नरसिंगने तिशी ओलांडली होती.

नियम कठोर आहे खरा. पण ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर सुटका होऊ लागली, तर चाचणीला अर्थ उरणार नाही. मला खटकते ते दुसरेच. ज्या खेळाडूमागे वकील नाही, आहारतज्ज्ञ नाही, त्याच्यावरही पुराव्याचा हाच बोजा पडतो. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी कायद्याने ‘नाडा’ला आणि सुनावणी व अपिलाच्या मंडळांना वैधानिक अधिष्ठान दिले, पण हा मूळ नियम बदललेला नाही.

शालेय खेळाडूंना थोडा दिलासा आहे. २०२१ पासून लागू असलेल्या जागतिक संहितेत सोळा वर्षांखालील खेळाडूंना ‘संरक्षित व्यक्ती’ मानले आहे. नोंदणीकृत चाचणी यादीत नसलेल्या आणि खुल्या गटात आंतरराष्ट्रीय स्पर्धा न खेळलेल्या अठरा वर्षांखालील मुलामुलींनाही ही सवलत मिळते. आपली चूक नव्हती हे दाखविताना द्रव्याचा उगम सिद्ध करण्याची सक्ती त्यांच्यावर नाही.

सज्ञान मल्लाला मात्र साध्या गोष्टी सांभाळाव्या लागतील. औषध घेताना आपण खेळाडू आहोत, हे डॉक्टरांना सांगावे. बंदी असलेले औषध उपचारासाठी अटळ असेल, तर परवानगीचा अर्ज सहसा आधीच करावा लागतो. शहाद्याहून आणलेल्या प्रोटीन पावडरीच्या डब्याची पावती आणि त्यावरील बॅच क्रमांक जपून ठेवावा. डबा संपला तरी लगेच फेकू नये.