पार्किंगमध्ये बदललेले बूट

अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल क्लबवर गोल्फची मास्टर्स स्पर्धा खेळायला आला, की ली ट्रेविनो आपले बूट पार्किंगमध्ये, मोटारीपाशीच बदलत असे. यूएस ओपनचा विजेता, हातात रीतसर निमंत्रण, तरी क्लबहाऊसमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा हट्ट. १९७०, १९७१ आणि १९७४ साली तर तो मास्टर्सला गेलाच नाही. ही त्याची लहर होती, असं म्हणून विषय सोडून देता येतो. मला ती लहर वाटत नाही. का, ते सिंगापुरात बुकित तिमाहच्या मैदानाभोवती हिंडताना नीट उमगलं.

मलाय भाषेत बुकित म्हणजे टेकडी आणि तिमाह म्हणजे कथील. टेकडीची उंची जेमतेम १६३ मीटर, पण सिंगापुरातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा तीच. सिंहगड चढणाऱ्याला आपण काही चढलो असं वाटणारही नाही. तिच्या पूर्वेकडे मॅकरिची जलाशय आहे. काठच्या जंगलातून फळ्यांची पायवाट जाते, मध्येच झाडं विरळ होतात आणि कातरलेल्या गवताचा हिरवा पट्टा दिसू लागतो. हे सिंगापूर आयलंड कंट्री क्लबचं मैदान. इथल्या बुकित कोर्सवर ऑक्टोबर १९६९ मध्ये गोल्फचा वर्ल्ड कप झाला. देश स्वतंत्र होऊन चारच वर्षं झाली होती.

तेव्हाच्या वर्ल्ड कपची रीत सोपी होती. प्रत्येक देशाचे दोन व्यावसायिक खेळाडू, चार दिवस, ७२ होल. दोघांच्या फटक्यांची बेरीज ज्यांची कमी, ते जिंकले. अमेरिकेकडून ट्रेविनो आणि ऑर्व्हिल मूडी उतरले. कप अमेरिकेने नेला आणि वैयक्तिक पहिला क्रमांक ट्रेविनोचा आला.

ही जोडी कुठून आली होती, ते सांगायलाच हवं. ट्रेविनो मेक्सिकन वंशाचा, जन्म १ डिसेंबर १९३९, डॅलस परिसरातला. आई आणि आजोबांनी त्याला वाढवलं. आजोबा थडगी खणायचे. घरात वीज नव्हती. शेजारी मात्र श्रीमंतांचा गोल्फ क्लब. पोरवयातच तो कॅडी झाला, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून मैदानभर चालायचं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, सतराव्या वर्षी तो मरीन सैन्यात गेला. खेळ कुणी शिकवला नाही. त्याची उभं राहण्याची ढब शिकवणीत न बसणारी: रोख डावीकडे धरायचा आणि चेंडू हवेत उजवीकडे वळून नेमका जागेवर उतरायचा. १९६८ च्या यूएस ओपनमध्ये त्याने ६९, ६८, ६९, ६९ फटक्यांच्या फेऱ्या केल्या. त्या स्पर्धेत चारही फेऱ्या सत्तरच्या आत खेळणारा तो पहिलाच. मूडी तर चौदा वर्षं लष्करात काढलेला सार्जंट. जून १९६९ मध्ये त्याने यूएस ओपन जिंकली आणि चार महिन्यांत तो बुकितवर उभा होता.

आता ते ज्या गवतावर खेळले, त्याचा इतिहास. सिंगापूर गोल्फ क्लब १८९१ मध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानावर सुरू झाला आणि १९२४ मध्ये बुकित तिमाहला आला. तो गोऱ्यांचा क्लब. चिनी, भारतीय, मलाय हौशी खेळाडूंना तिथे जागा नव्हती, म्हणून सर्व वंशांना खुला असा आयलंड क्लब वेगळा उभा राहिला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी फौजा बुकित तिमाहवरून शहरावर उतरल्या आणि १५ तारखेला इथल्याच फोर्ड कारखान्यात इंग्रजांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. साम्राज्याचा दरारा गेला, तरी दोन क्लब एक होऊन आजचा कंट्री क्लब व्हायला १९६३ साल उजाडावं लागलं.

त्याच १९६३ साली डर्बनमध्ये सेवसंकर ‘पापवा’ सेवगोलुमने नाताळ प्रांताची गोल्फ ओपन जिंकली. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या भारतीय मजुरांचा हा वंशज, मूळचा कॅडी. काठी उलट्या हातांनी धरायचा, डावा हात खाली. डच ओपन दोनदा जिंकलेला माणूस, पण वर्णभेदाच्या कायद्यामुळे क्लबहाऊसमध्ये जाऊ शकत नव्हता. बक्षीस त्याला बाहेर, भर पावसात देण्यात आलं. ते छायाचित्र मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी गळा दाटून येतो.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गोल्फमधला व्यावसायिक हा मुळात क्लबचा नोकर. काठ्या दुरुस्त करायच्या, सभासदांना शिकवायचं, जेवायला मात्र आत यायचं नाही. अमेरिकेत १९२० च्या यूएस ओपनमध्ये टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबने पहिल्यांदा त्यांच्यासाठी दार उघडलं. खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला उंच घड्याळ भेट दिलं. ट्रेविनोच्या बुटांमागे एवढं सगळं आहे.

आपल्याकडेही हीच वाट. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीचा कॅडी होता. एस. एस. पी. चौरासिया कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबमधल्या माळ्याचा मुलगा. 

सिंगापूरच्या मर्दान मामतने २००४ मध्ये आपल्याकडची इंडियन ओपन जिंकली आणि २००६ मध्ये सिंगापूर मास्टर्स. युरोपियन टूरवर जिंकणारा तो पहिला सिंगापुरी. १९६९ मध्ये ट्रेविनो इथे खेळला, तेव्हा मर्दान दोन वर्षांचाही नव्हता.

बुकित तिमाहच्या जुन्या शर्यतीच्या मैदानाजवळ चॅम्पियन्स नावाचं नऊ होलचं सार्वजनिक मैदान होतं. सभासदत्व लागत नसे. पैसे भरून कुणीही खेळावं. २०२३ अखेर ते बंद झालं. टर्फ सिटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या परिसरात आता १५ ते २० हजार घरं उभी राहायची आहेत. छोट्या बेटाला घरं हवीतच, हे मला कळतं. तरी तिथल्या कुंपणापाशी मी बराच वेळ उभा राहिलो.