एका सरकीवर मावतील एवढ्या पेशी

कापसाचं बोंड उललं की त्यातली एक सरकी काढून हातात घ्या आणि तिच्यावरचा पुंजका बोटांनी हलकेच विंचरून पाहा. एका सरकीवर साधारण १० ते २० हजार तंतू असतात, आणि प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच, लांबच लांब वाढलेली पेशी. आता दुसरा आकडा. माणसाच्या एका कानात ऐकण्यासाठी असलेल्या केसपेशी भरतात जेमतेम १५ हजार. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास आहेत. कानाचं सगळं भांडवल मात्र यवतमाळच्या कुठल्याही वावरात सापडेल अशा एका सरकीवर मावेल एवढं. आईची हाक, पोळ्याच्या बैलांचे घुंगरू, एसटीचा हॉर्न, सगळं या एवढ्याशा पुंजीवर.

या पेशींपर्यंत आवाज पोचवायला शरीराने जी खटपट केली आहे ती थक्क करणारी आहे. विहिरीत बुडी मारली की काठावरचं बोलणं जवळजवळ बंद होतं, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतांशी परत फिरतो. कानाच्या आतही पाणीच आहे, म्हणजे अडचण तीच. तिच्यावर तोड काढली आहे तीन हाडांनी: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब ३ मिलिमीटरच्या आसपास, शरीरातलं सगळ्यात लहान हाड, आणि दिसायलाही घोड्याच्या रिकिबीसारखंच. कानाचा पडदा रिकिबीच्या तळव्यापेक्षा सुमारे सतरा पट मोठा. मोठ्या पडद्यावरचा जोर छोट्या तळव्यावर एकवटतो, त्यात हाडांच्या तरफेची भर पडते आणि दाब वीसेक पटींनी वाढून पाण्यात शिरतो.

ते पाणी एका शंखात भरलेलं असतं. अडीच वेढ्यांचा शंख, उलगडला तर ३५ मिलिमीटरच्या आसपास. बारीक, तीक्ष्ण आवाज शंखाच्या तोंडाशीच टिपले जातात, घोगरे आवाज आत टोकापर्यंत जातात. शंखातून आवाजाची लाट कशी धावते हे जॉर्ज फॉन बेकेसी यांनी दाखवलं. त्याबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल मिळालं. अगदी हलक्या कुजबुजीने केसपेशींच्या शेंड्यावरचे केस जेवढे हलतात ते अंतर अणूच्या मापाचं असतं. त्यातही बाहेरच्या तीन रांगांमधल्या पेशी नुसत्या ऐकत बसत नाहीत. आवाजाच्या तालावर त्या स्वतः आखडतात, लांबतात आणि हलका आवाज मोठा करून आतल्या रांगेला देतात. या हालचालीचा मागमूस कानाबाहेरही येतो: कान स्वतः बारीकसा आवाज करतो! डेव्हिड केम्प यांनी तो १९७८ साली मोजून दाखवला. दोन दिवसांच्या झोपलेल्या बाळाच्या कानात छोटीशी नळी ठेवून आज जी तपासणी होते, ती याच आवाजाचा कानोसा घेते.

शंखाला लागूनच तोल सांभाळणारा भाग आहे. तिथेही केसपेशीच असतात. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं कुठे वळलं ते सांगतात, आणि शेजारच्या दोन पिशव्या खाली कुठे, वर कुठे ते ओळखतात. या पिशव्यांमध्ये केसपेशींवर बारीक खड्यांचा थर असतो. खडा केवढा, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. तो कशाचा असतो हे कळलं तेव्हा मी वाचता वाचता थांबलो: कॅल्शियम कार्बोनेट. वणी-मुकुटबनकडे जमिनीतून निघते, राजूरच्या भट्ट्यांत भाजली जाते, ती चुनखडीच. आपण उभे राहतो ते डोक्यातल्या चुनखडीच्या भरवशावर.

वय झालं, डोक्याला मार लागला, किंवा कधी कारण नसतानाही यातले काही खडे सुटून नळीत घरंगळतात. मग रात्री कूस बदलली की आढं गरगर फिरतं, अर्ध्या-एक मिनिटात थांबतं, पुन्हा वळलं की पुन्हा तेच. घरात कोणी म्हणतं बीपी वाढला, कोणी म्हणतं अशक्तपणा आला, सलाईन लावा. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास यावर जो उपाय काढला त्यात औषधही नाही, सुईही नाही. रुग्णाला खाटेवर आडवं करायचं, डोकं ठरावीक क्रमाने वळवत न्यायचं आणि खडा नळीतून परत पिशवीत घरंगळू द्यायचा. काही मिनिटांचं काम, आणि बहुतेकांना त्यानेच आराम पडतो. अशी चक्कर येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला एकदा तरी दाखवा, एवढं मी आग्रहाने सांगतो.

सुटलेला खडा असा जागेवर आणता येतो. मेलेली केसपेशी आणता येत नाही. जन्मताना मिळाल्या तेवढ्याच. अंगणातल्या कोंबडीच्या कानात मात्र मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात. पक्ष्यांमधली ही गोष्ट १९८० च्या दशकात सिद्ध झाली, आणि माणसात ते का होत नाही याचा शोध तेव्हापासून चालू आहे.

मोठ्या गोंगाटानेही केसपेशी मरतात, म्हणून मला कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगमधल्या मजुरांची काळजी वाटते. दसरा-दिवाळीनंतर सरकी काढणारी यंत्रं, म्हणजे रेचे, सुरू झाले की शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागतं. जळगाव भागातल्या जिनिंगमध्ये हा आवाज मोजला गेला, त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले: ८९ ते १०६ डेसिबल. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०६ ला उरतात पावणेचार मिनिटं. पाळी मात्र कित्येक तासांची.

आधी पाळीनंतर कानात शिट्टी वाजते, सकाळी थांबते. मग सकाळीही थांबत नाही. गोंगाट पहिला घाव घालतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास. ‘स’ हा वर्ण तिथेच आणि त्याच्याही वर राहतो. ‘साठ’ मधला ‘स’ गेला की उरतं ‘आठ’. माणूस म्हणतो, ऐकू येतं, पण समजत नाही. घरच्यांना वाटतं, लक्ष देत नाही.

बरेच मजूर कानात कापसाचा बोळा घालतात. एवढा रुईचा ढीग समोर असताना ते साहजिक आहे, पण कापूस आवाज फार थोडा अडवतो. हवेत फोमचे बोळे, नीट पिळून आत बसवलेले, नाहीतर कानावरचे मफ. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आजार म्हणून नोंदलेला होता. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. जिनिंगमालकांनी हंगाम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर प्रत्येक मजुराच्या कानाची तपासणी करून घ्यावी, आणि बोळे पहिल्या दिवशीच हातात द्यावेत, रेचा चालू करायच्या आधी.