ऑपरेटिंग सिस्टिम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकात प्रोसेसर, मेमरी, डिस्क ही साधने मोजकी आणि ती मागणारे प्रोग्रॅम अनेक. त्यांच्यात वाटणी करणे आणि एकाची चूक दुसऱ्याला भोवू न देणे, हे ऑपरेटिंग सिस्टिमचे काम. ते नजरेआड चालत असल्याने तिच्याविषयी काही गैरसमज रुजले आहेत.

गैरसमज : पडद्यावर दिसते तीच ऑपरेटिंग सिस्टिम.
वस्तुस्थिती : आयकॉन, मेनू, विंडो हा वरचा थर. गाभा म्हणजे कर्नल. अँड्रॉइड फोन आणि पडदाही न जोडलेले असंख्य सर्व्हर यांच्यात दिसायला काहीच साम्य नाही. तरी दोन्हींच्या मुळाशी लिनक्स कर्नलच असतो.

गैरसमज : सगळे प्रोग्रॅम खरोखर एकाच वेळी चालतात.
वस्तुस्थिती : प्रोसेसरचा साधा कोअर एका क्षणी एकाच प्रोग्रॅमच्या सूचना पाळतो. टायमर दर काही मिलिसेकंदांनी त्याला थांबवतो. कर्नल चालू प्रोग्रॅमच्या रजिस्टरमधल्या किमती जपून ठेवतो, दुसऱ्याच्या परत भरतो आणि त्याला पुढे सोडतो. पाळी आली की पहिला प्रोग्रॅम थांबला होता तिथूनच चालू लागतो. मध्ये खंड पडल्याचे त्याला कळतही नाही.

गैरसमज : प्रोग्रॅममधला पत्ता म्हणजे मेमरीतली खरी जागा.
वस्तुस्थिती : तो आभासी पत्ता असतो. मेमरीची पाने पाडलेली असतात, बहुधा 4096 बाइटची. कोणते पान प्रत्यक्षात कुठे आहे याची नोंद प्रत्येक प्रोग्रॅमच्या स्वतंत्र पेज टेबलात असते. म्हणूनच दोन प्रोग्रॅम एकच पत्ता वापरूनही एकमेकांच्या जागेत शिरत नाहीत. मँचेस्टरच्या अ‍ॅटलास संगणकात आभासी मेमरी 1962 मध्येच वापरात आली होती.

गैरसमज : रिअल-टाइम म्हणजे अतिवेगवान.
वस्तुस्थिती : महत्त्व वेगाला नाही, काम ठरल्या मुदतीत होण्याच्या हमीला असते. 1997 मध्ये मंगळावर उतरलेले ‘पाथफाइंडर’ यान वारंवार रीसेट होऊ लागले. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी अग्रक्रमाच्या कामाने एक सामायिक कुलूप (एका वेळी एकाच कामाला धरता येणारी खूण) धरून ठेवले होते. तातडीचे काम त्याच कुलपासाठी खोळंबले आणि मधल्या अग्रक्रमाचे काम प्रोसेसर अडवून बसले. मुदत टळली की देखरेख यंत्रणा यान रीसेट करी. कुलूप धरणाऱ्या कामाला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता देण्याची सोय व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होतीच. पृथ्वीवरून ती चालू करताच दोष मिटला.

गैरसमज : हा विषय शिकायचा तर कोट्यवधी ओळींचा कोड वाचावा लागतो.
वस्तुस्थिती : लिनक्सचा कोड तेवढा मोठा आहे खरा, पण तत्त्वे छोट्या कर्नलमध्येही तीच असतात. एमआयटीमध्ये अध्यापनासाठी लिहिलेला ‘एक्सव्ही6’ 1975 च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर असून जेमतेम काही हजार ओळींचा आहे. पाळ्या लावणे, पेज टेबल, कुलपे आणि फाइल सिस्टिम हे सारे त्यात पूर्ण वाचता येते, बदलून पाहता येते आणि बदलाचा परिणाम लगेच तपासता येतो.