जलांतील प्रतिबिंबावरून उंची काढण्याची रीति व तिच्या पाठाची परीक्षा

पालघर जिल्ह्यांतील वसईचा किल्ला पाहावयास जाणाऱ्या इतिहासभक्तास दोन प्रकारच्या वास्तु मोजाव्याशा वाटतात: एक, ज्यांच्या पायथ्याशीं उभें राहतां येतें, दुसऱ्या, ज्या दुरून नुसत्या दिसतात. सेंट जोसेफच्या देवळाचा मनोरा आज पहिल्या वर्गांत मोडतो. इ. स. १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या फौजेपुढें उभा असलेला सेबस्तियनचा बुरूज मात्र दुसऱ्या वर्गांतला. त्याच्या पायथ्याशीं पोंचणें हें सुरुंग लावणाऱ्यांचेंच काम होतें. मराठ्यांनीं तो कोणत्या रीतीनें मापिला, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. अशा अगम्य वस्तूची उंची स्थिर पाण्यांत पडलेल्या प्रतिबिंबावरून काढण्याची जी रीति आपल्या गणितग्रंथांत आहे, तिची उपपत्ति काय, आणि जुन्या पोथ्यांचे पाठ तपासण्याच्या कामीं ती उपपत्ति कशी उपयोगी पडते, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम उपपत्ति. पाणी निश्चळ असलें म्हणजे मनोरा जितका वर तितकाच खालीं उलटा दिसतो. पाण्याचा पृष्ठभाग ही घडीची रेघ मानून कागद दुमडावा, म्हणजे मनोऱ्याचें टोंक व प्रतिबिंबाचें टोंक एकमेकांवर येतात. आतां पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून प्रतिबिंबाच्या टोंकापर्यंत सरळ रेषा ओढावी. ती पाण्यास ज्या बिंदूंत छेदिते तेथेंच टोंक दिसतें. त्या बिंदूच्या दोहों बाजूंस दोन काटकोन त्रिकोण होतात. एकाची उभी भुज मनोरा, दुसऱ्याची डोळ्याची उंची. समोरासमोरचे कोन सारखे, म्हणून प्रकाश पाण्यावर ज्या कोनानें पडतो त्याच कोनानें परततो. आणि त्रिकोण सरूप असल्यामुळें मनोऱ्याची उंची व मनोऱ्यापासून पाण्याचें अंतर यांचें जें प्रमाण, तेंच डोळ्याची उंची व मनुष्यापासून पाण्याचें अंतर यांचें. पुढें सर्व त्रैराशिक. सरळ रेषा सर्वांत आंखूड असल्यामुळें दुसऱ्या कोणत्याहि बिंदूवरून परतलेला मार्ग याहून लांब भरतो. ही सुंदर गोष्ट अलेक्झांड्रियाच्या हेरॉननें सांगितली आहे. आरसा जमिनीवर ठेवून उंची काढण्याची कृति युक्लिडाच्या दृष्टिविषयक ग्रंथांतहि आहे.

परंतु एका आरशाच्या या कृतीस मनोऱ्यापासून पाण्याचें अंतर ठाऊक असावें लागतें, आणि अगम्य वस्तूच्या बाबतींत नेमकें तेंच मिळत नाहीं. ब्रह्मगुप्तानें शके ५५० त रचिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतांत ही अडचण पाण्याच्या दोन जागा घेऊन दूर केली आहे. पाण्याच्या दोन स्थानांमधील अंतरास, मनुष्य व जल यांच्या दोन वेळच्या अंतरांच्या वजाबाकीनें भागावें व डोळ्याच्या उंचीनें गुणावें, म्हणजे घराची उंची येते. उंचीऐवजीं मनुष्य व पहिलें जल यांच्या अंतरानें गुणिलें तर पहिल्या पाण्यापासून घर किती दूर हें कळतें. दोन्ही राशि अज्ञात असतां दोन्ही हातीं येतात, ही या रीतीची खरी थोरवी. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणींतील यंत्राध्यायांतहि प्रतिबिंबावरून वेळूची उंची काढण्याचा विचार आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊं. डोळ्याची उंची ३ हात. पहिल्या वेळीं पाण्यापासून ४ हात मागें सरल्यावर टोंक दिसलें. मग पाण्याचें पात्र ३० हात मागें नेलें. या खेपेस ६ हात सरावें लागलें. अंतरांची वजाबाकी २. तीसास दोहोंनीं भागून १५, तिहींनीं गुणून ४५ हात ही उंची. पहिल्या पाण्यापासून मनोरा ६० हात. पडताळा: ६० व ४५ यांचें प्रमाण ४ व ३ यांचें; ९० व ४५ यांचें प्रमाण ६ व ३ यांचें. दोन्ही जुळतात.

मात्र रीति नाजूक आहे. २ हातांचीं ४८ अंगुलें. तेथें एका अंगुलाची चूक होऊन ४९ आलीं तर उंचींत सुमारें २२ अंगुलें, म्हणजे जवळजवळ एक हात, कमी पडतो. म्हणून पाण्याच्या दोन जागा होतील तितक्या दूर असाव्या, आणि वारा पडलेला असावा. भरतीओहोटीच्या खाडीचें पाणी या कामीं निरुपयोगी; थाळींतलें पाणी बरें.

(थाळीवरून एक अवांतर गोष्ट. पाश्चात्य मोजणीदार पाऱ्याची थाळी ठेवून सूर्य व त्याचें प्रतिबिंब यांमधील कोन सेक्स्टंट यंत्रानें घेत व त्याचें अर्ध करीत. हें अर्ध करणें म्हणजे वरील समकोनांचाच उपयोग. वसईचे अक्षांश सुमारें १९ अंश २० कला. विषुवदिनीं माध्याह्नीं सूर्याचे उन्नतांश ७० अंश ४० कला, त्यांची दुप्पट १४१ अंश २० कला. यंत्राची मर्यादा सामान्यतः १२० अंशांच्या आसपास, म्हणून येथें माध्याह्नसूर्य या प्रकारें ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच सांपडतो. एरव्हीं रात्रीं ध्रुवाकडे वळावें.)

आतां पाठाकडे. समजा, एखाद्या लेखकानें वरील सूत्रांत ‘अंतर’ या शब्दाच्या जागीं ‘योग’ असें लिहिलें. मग २ च्या जागीं १० येतील. उंची ९ हात व अंतर १२ हात निघेल. १२ व ९ यांचें प्रमाण ४ व ३ यांचेंच! पहिला त्रिकोण तपासून समाधान मानणारा वाचक अशुद्ध पाठ शुद्ध म्हणून स्वीकारील. कारण भाजक चुकला तरी दोन्ही फळें एकाच प्रमाणांत चुकतात. दुसरा त्रिकोण घेतला कीं चोरी उघडी पडते: १२ त ३० मिळवून ४२, ४२ व ९ यांचें प्रमाण ६ व ३ यांचें नव्हे. म्हणून या रीतीचा पाठ अथवा तिच्या उदाहरणांतील आंकडे तपासतांना दोन्ही स्थानें घेऊनच पडताळा पाहावा. १ व ९ यांची अदलाबदल करणारे लेखक कांहीं थोडे नाहींत. केवळ पोथ्यांची संख्या मोजून बहुमतानें पाठ ठरविणें गणितग्रंथांत अप्रशस्त होय; दहा पोथ्या एकाच चुकलेल्या मातृकेवरून उतरलेल्या असूं शकतात, त्रिकोण मात्र कोणाची नक्कल करीत नाहीं.

आपल्या प्रांतांत या परीक्षेस साहित्य आहे. खानदेशांतील पाटण येथील शके ११२८ च्या सुमाराच्या शिलालेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिल्याचें नमूद आहे. कोंकणांत समुद्रकांठच्या नांदगांवीं गणेश दैवज्ञानें शके १४४२ त ग्रहलाघव व शके १४६७ त लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. तींत नियमांच्या उपपत्ति दिल्या आहेत, हें तिचें वैशिष्ट्य. ती पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १९३७ त छापिली. छाया व दीप यांचीं उदाहरणें लीलावतींतलीं, प्रतिबिंबाचीं सिद्धांतग्रंथांतलीं. पण दोहोंचा पाया सरूप त्रिकोण हाच.

संग्राहकांस एक विनंति आहे. गणिताच्या पोथीची यादी करितांना आकृति आहे कीं नाहीं, नसल्यास लेखकानें तिच्यासाठीं कोरी जागा सोडिली आहे काय, आणि ‘न्यास’ या शब्दापुढें आंकडे कोणत्या क्रमानें मांडिले आहेत, हें टिपून ठेवावें. प्रतिबिंबाच्या उदाहरणांत डोळ्याची उंची, पाण्याचीं दोन स्थानें व मनुष्याचीं दोन अंतरें मिळालीं कीं हरवलेली आकृति पुन्हा काढितां येते. यांतील एक आंकडा गळाला असला आणि उत्तर शिल्लक असलें, तर तो आंकडाहि परत मिळतो.